साथीला पेटीवर

कॅसेटच्या पट्टीवर गायकाचं नाव असतं, रागाचं असतं, कधी ठिकाण आणि साल असतं. हौशी माणूस असेल तर कोपऱ्यात बारीक अक्षरात तबलजीचंही लिहितो. पेटीवाल्याचं, म्हणजे हार्मोनियम वाजवणाऱ्याचं, नाव मात्र शोधावं लागतं. गेले कित्येक महिने मी ज्या कॅसेटी उघडतोय, पुसतोय, ऐकतोय, त्या तर एका पेटीवाल्याच्याच घरच्या आहेत आणि पट्ट्या त्यानं स्वतः लिहिलेल्या आहेत. 'पूरिया, विलंबित एकताल, मिरज दर्गा.' पुढं गायकाचं नाव. स्वतःचं नाव कुठंच नाही.

माझा हा मित्र २०२४ च्या मे महिन्यात गेला. आमच्याकडं लोकसभेचं मतदान ७ तारखेला झालं, त्यानंतर थोड्याच दिवसांनी. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घरी आणल्यावर मी त्याच्या उशाशी बसलो होतो. डाव्या तर्जनीवर मतदानाची शाई तशीच होती, नखाच्या मुळाशी काळी रेघ. डावा हात म्हणजे त्याचा भात्याचा हात. कौतुक सगळे उजव्या हाताचं करतात, कारण बोटं पळताना दिसतात. पण पेटीचा जीव डाव्या हातात असतो, हे मला त्यानंच शिकवलं होतं. भाता किती दाबायचा, कुठं सोडायचा, गायकाचा दम संपत आला की हवा कशी हळूच काढून घ्यायची. त्या हाताकडं मी किती वेळ बघत बसलो होतो कुणास ठाऊक.

तो सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात हिशेबनीस होता. हंगाम सुरू झाला की त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची, तरी संध्याकाळी सायकलला लावलेल्या पिशवीत वही आणि किल्ली, की निघाला शिकवणीला. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मुख्य कार्यालय मिरजेत, त्यामुळं आमच्या भागात परीक्षांचं वातावरण पूर्वीपासूनच. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत कितीतरी मुलांच्या पाठीशी परीक्षेच्या खोलीत त्याची पेटी वाजली. त्याशिवाय भजनं, नाट्यगीतांच्या मैफली, नवरात्रात मिरजेच्या अंबाबाईपुढची सेवा, आणि वर्षातनं एकदा मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यातली हजेरी. किराणा घराण्याचे मोठे गायक अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांची कबर तिथंच आहे. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, देशभरातले कलाकार येतात आणि मानधनाचा विषय न काढता गातात. चिंचेच्या झाडाखाली खाँसाहेब गायचे असं जुनी माणसं सांगतात. त्या आवारात बसून पेटी वाजवायला मिळणं हे त्याच्या लेखी कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं होतं.

माझं रेडिओ-टेपदुरुस्तीचं दुकान होतं. तो रेकॉर्डरचा पट्टा बदलून घ्यायला आला आणि पुढं चाळीस वर्षं येतच राहिला. पट्टा खराब नसला तरी यायचा. चहा सांगायचा, स्टुलावर बसायचा आणि म्हणायचा, "लाव की लेका ती कालची, त्यातला शेवटचा तुकडा ऐकवतो तुला." दुकान पुढं टीव्हीचं झालं, मग इन्व्हर्टर आणि कॅमेऱ्यांचं. स्टूल तेच राहिलं.

त्याचे दिवस-वार झाल्यावर एकदा वहिनींनी बोलावलं. "भाऊजी, ह्या कॅसेटींचं काय करायचं ते तुम्हीच बघा. मला त्या ऐकवत नाहीत आणि टाकवत पण नाहीत." पत्र्याची ट्रंक आणि दोन प्लास्टिकचे डबे. ट्रंक उघडली तर सगळ्यात वर वर्तमानपत्राचं कात्रण होतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी, त्याच वर्षाची. बातमी आली त्या दिवशी तो मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन पेढे वाटून आला होता. त्याचा तंबोरा तिथलाच. पंढरपूर भागातला भोपळा आणि मिरजेचा हात. पेटीचे सूर, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पितळी पट्ट्या, मात्र गुजरातेतल्या पालिताण्याचे. हे सगळं तो कुणालाही थांबवून सांगायचा.

डब्यांतल्या कॅसेटी वेगळ्या का ठेवल्या होत्या ते मला माहीत होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातल्या त्याच्या घरात पुरुषभर पाणी होतं. पेटी आणि तंबोरा त्यानं आधीच शेजारच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवले होते. ट्रंक माळ्यावर चढवली. खालच्या फडताळातल्या कॅसेटी राहिल्या. पाणी उतरल्यावर त्या गाळातनं वेचून काढल्या, धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि डब्यात भरून ठेवल्या. "तुझ्याकडं आणतो एकदा," एवढंच म्हणायचा. आणल्या कधीच नाहीत. तो विषय निघाला की त्याचा चेहरा पडायचा, म्हणून मीही कधी मागं लागलो नाही.

काम सुरू केलं ते पावसाळ्यात. जुलैच्या शेवटी पाणी पुन्हा चढायला लागलं, फोनवर आयर्विनच्या पातळीचे आकडे तासातासाला यायला लागले, तेव्हा सगळ्यात आधी ट्रंक आणि डबे आमच्या वरच्या मजल्यावर नेले. त्यानंतर घरातलं धान्य.

कॅसेटवरनं संगणकावर घेणं म्हणजे बटण दाबून बसायचं असं लोकांना वाटतं. पहिलं काम यंत्राचं. माझा जुना डेक काढला, त्याचे पट्टे चिकट होऊन लोंबत होते, ते बदलले. रबरी रोलर कडक झालेला असला की फीत सरळ धावत नाही आणि लांबवलेला सूर थरथरतो, म्हणून तोही नवा. हेड अल्कोहोलनं पुसून घ्यायचं. मग एकेक कॅसेट उघडायची. आत हेडसमोर फीत दाबून धरणारी नमद्याची इवलीशी गादी असते. तिचा गोंद वाळून ती गळून पडलेली असते, आणि ती नसली की आवाज पांघरुणातनं आल्यासारखा येतो. स्क्रूवाल्या कॅसेटी सरळ उघडतात. सांधे वितळवून बंद केलेल्या असतील तर ब्लेडनं कडा फोडायची आणि फीत दुसऱ्या खोक्यात घालायची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठवालीपेक्षा पातळ असते, ती बोटाला लागली तरी जीव वरखाली होतो.

त्यानंतर हेडचा कोन. हेडशेजारी एक बारका स्क्रू असतो. ज्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण झालं त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या डेकचा कोन जुळला नाही तर वरचे स्वर मरतात. म्हणून दर कॅसेटला तो स्क्रू केसभर फिरवायचा आणि कान देऊन ऐकायचं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणक, मोकळी झाली, तबल्याच्या कडेची चाट कडक वाजली की थांबायचं. पेटी ऐकून हे करता येत नाही असं मला वाटायचं. आता येतं. पट्टी सुटताना लाकडाचा जो बारीक टकटक आवाज होतो, तो स्वच्छ आला की कोन बरोबर लागला. तो आवाज मी त्याच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं ऐकलेला होता.

चोवीस बिट आणि शहाण्णव किलोहर्ट्झला घ्यायचं ठरवलं. तासाला दोन जीबी जागा जाते, जाऊ दे. हे काम पुन्हा कुणी करणार नाही.

खरी अडचण वेगाची. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावायला पाहिजे. पण दर्ग्यातलं आणि गावोगावचं ध्वनिमुद्रण सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरवर झालेलं. सेल उतरत गेले की रेकॉर्डर मंद होत जातो, आणि मंद वेगानं भरलेली फीत आपण बरोबर वेगानं वाजवली की स्वर चढतो. एका ध्वनिमुद्रणात सुरुवातीला काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला, असलेला षड्ज, म्हणजे सा, शेवटापर्यंत तिच्या पुढच्या पांढरी दोनच्या वाटेला लागलेला होता. गायकाचा आवाज तरुण होत जातो, लय उगाच चढते. ऐकणाऱ्याला वाटावं की मैफल रंगली. तर हे सरळ करायचं कशाच्या आधारानं? गायकाचा आवाज आधाराला घेता येत नाही, तंबोरा कार्यक्रमागणिक वेगळा लावलेला.

आधार होता तो पेटीचा. मी वहिनींना विचारून त्याची पेटी घरी आणली. सुरांना किती वर्षांत नवे पत्रे घातले नव्हते. कधी लावून घेतली त्याच्या नोंदी त्याच्या वहीत होत्या, आणि दर वेळी जुन्या सुरावरच ठेवायची अशी त्याची ताकीद असायची. काळी एक दाबली, भाता हलकेच लावला आणि फोनवरच्या ट्यूनरकडं बघितलं. सेकंदाला ठरलेल्या २७७ कंपनांऐवजी जरा चढी, २७९ च्या आसपास. मग फितीवरचा तोच षड्ज मोजायचा, दोन्हींचं गुणोत्तर काढायचं आणि तेवढा वेग कमी करायचा. जिथं सेल उतरत गेलेत तिथं ध्वनिमुद्रणाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकाचं वेगळं गणित. हे करताना त्याची पेटी माझ्या मांडीशी असायची. मला वाजवता येत नाही. मी फक्त षड्ज धरायचो आणि कॅसेटमधल्या षड्जाशी तो एक होईपर्यंत वेग हलवत राहायचो. दोन्ही एकच पेटी, मध्ये तीस-पस्तीस वर्षं. ते एक व्हायला लागले की आधी आवाजात लाटा यायच्या, लाटा मंद व्हायच्या आणि मग थांबायच्या. पहिल्यांदा थांबल्या तेव्हा मी भाता हलवायचा विसरलो.

दुसरी गंमत गंधाराची, म्हणजे ग या स्वराची. आपल्याकडच्या बऱ्याच पेटीवाल्यांप्रमाणं तो पेटी गांधार ट्यूनिंगमध्ये लावून घ्यायचा. बाजारातल्या पेटीचे बारा स्वर सारख्या अंतरावर असतात, त्यामुळं कुठूनही षड्ज धरता येतो, पण शुद्ध गंधार खऱ्या गंधारापेक्षा चढा राहतो. तंबोऱ्यातनं जो गंधार आपोआप ऐकू येतो त्याला तो टोचतो. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर चौदा भागांचा फरक. ऐकायला किरकोळ, पण यमन गाणाऱ्याला विचारा. गांधार ट्यूनिंगमध्ये तो उतरवून घेतात, मग पेटी तंबोऱ्यात विरघळते. किंमत ही की ती पेटी एका ठरावीक षड्जालाच चालते. बायकांच्या पट्टीसाठी त्याला वेगळी पेटी ठेवावी लागली आणि तिचे पैसे त्यानं दिवाळीच्या बोनसमधनं तीन हंगामांत फेडले.

याचा मला उपयोग असा झाला की फितीचा वेग काहीही असो, षड्ज-गंधारातलं अंतर बदलत नाही. पट्टी कोरी असली तरी चार-पाच आवर्तनं ऐकली की सांगता येतं, ही त्याची पेटी आहे की दुसऱ्या कुणाची. शिवाय तारसप्तकातल्या पंचमाला एक बारीक झणझण होती. ती काढून घे म्हणून मी कितीदा सांगितलं. "राहू दे रे," म्हणायचा, "सवयीची झालीया."

ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक. दिवसभर प्रचाराच्या रिक्षा गल्लीत फिरायच्या. रात्री दहाला भोंगे बंद झाले की मी कानाला हेडफोन लावायचो. त्याच दिवसांत दरबारीची एक कॅसेट हाती आली. जुनी, पण साठवालीच्या जाड फितीमुळं चांगली टिकलेली. त्यातली पेटी ऐकायला लागलो आणि मला वाटलं मध्येमध्ये आवाज गळतोय. डेक थांबवला, फीत तपासली, पुन्हा लावली. तबला सलग, तंबोरा सलग. गळत काहीच नव्हतं. गायक कोमल गंधारावर आला की पेटी गप्प व्हायची. प्रत्येक वेळी.

दरबारीचा गंधार एका जागी उभा राहत नाही, झुलतो. पेटीवर पट्टी दाबली की स्वर खिळ्यासारखा उभा राहतो, त्याला एका स्वरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नाही, झुलतं आंदोलन नाही. याच कारणानं आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, आणि ती उठायला १९७१ साल उजाडलं. तीस वर्षं देशातल्या रेडिओवर साथीला पेटी नाही! गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवाला ज्या मुलखात झाला, तिथल्या लोकांना हे किती लागलं असेल. माझ्या मित्राचे गुरुजी त्या काळातले. बंदीची गोष्ट सांगताना ते रागवायचे, आणि हा मात्र शांतपणे म्हणायचा, "म्हणणं खोटं नव्हतं त्यांचं. पेटीला ते येतच नाही. पण येत नाही तिथं गप्प बसायला पेटीवाल्याला येतं की नाही, एवढं बघायला पायजे होतं." २०१६ मध्ये पेटीवादक तुळशीदास बोरकरांना पद्मश्री मिळाली तेव्हा तो कारखान्यातनं दुपारीच सुटी टाकून माझ्याकडं आला होता. बोलला फारसं नाही. भजी मागवली आणि अप्पा जळगावकर या दुसऱ्या मोठ्या पेटीवाल्याची एक कॅसेट लावायला लावली.

ही गप्प राहायची गोष्ट त्यानं मला शंभरदा सांगितली असेल. कळली ती नोव्हेंबरातल्या त्या रात्री. समोर पडद्यावर सगळ्या आवाजांची एकत्र रेघ धावत होती, त्यात पेटी नसल्याची जागा दिसत नाही. ती फक्त ऐकू येते, आणि तेही कुठं ऐकायचं ते माहीत असेल तरच. गंधार झुलत असताना तो खाली षड्जाला बोट टेकवून थांबलेला असायचा. गायक मध्यमावरनं ऋषभाला उतरला की पेटी अशी मागनं यायची की ती मधनं गेली होती याची कुणाला शंका येऊ नये. मी ती कॅसेट पूर्ण ऐकली आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून लावली.

आणखी एक कॅसेट माझ्या घरचीच निघाली. पट्टीवर फक्त 'मध्यमा' लिहिलेलं, म्हणजे विशारदच्या आधीची परीक्षा. लावली तर भूप, आणि गाणारी पोर माझी मुलगी. परीक्षेच्या आधीची तालीम. बारा-तेरा वर्षांची असेल. मधनं त्याचा आवाज येतो, "घाई नाही, परत म्हण." अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला ती अडते. जुन्या फितींत एक प्रकार होतो. गुंडाळीतल्या एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर पुसट उतरतो आणि शांत जागी पुढचा स्वर आधीच कानाशी कुजबुजतो. मला वाटलं तेच असेल. पण नाही, हा स्वर भरीव होता. ती अडणार हे त्याला कळलं होतं, म्हणून त्यानं ओळीचा पहिला स्वर मात्राभर आधी लावून ठेवला होता. तिनं तो उचलला आणि पुढं गेली. दुसऱ्या खेपेला तो अर्धी मात्राच आधी येतो. तिसऱ्या खेपेला तिच्याबरोबर. चौथ्या खेपेला तिच्या मागनं. मुलगी आता ऑस्ट्रेलियात असते. तिला तेवढा तुकडा पाठवला. तिनं फोन केला आणि बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग म्हणाली, "बाबा, मला वाटायचं तेव्हा मलाच आठवलं."

१५ डिसेंबरला रविवार होता. रात्री झाकीर हुसेन गेल्याची बातमी आली, लगेच अजून आहेत असंही आलं, आणि सोमवारी सकाळी घरच्यांनीच जाहीर केलं. सॅन फ्रान्सिस्को, फुप्फुसाचा आजार, वय ७३. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांना एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाले होते, आणि माझा मित्र तेव्हा होता. त्या सोमवारी सगळीकडं त्यांचे सोलो लागले होते. मला सारखं त्याचं म्हणणं ऐकू येत होतं. "सोलो सगळे ऐकतात रे. संतूरमागचा साधा ठेका ऐक त्यांचा." १० मे २०२२ ला संतूरवादक शिवकुमार शर्मा गेले. त्यांच्या चितेजवळ हात बांधून एकटेच उभे असलेले झाकीरभाई, तो फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. यानं तो छापून घेऊन शिकवणीच्या खोलीत पेटीच्या वर लावला होता. मुलं विचारायची, सर, हा कशाला लावलाय? तो म्हणायचा, "साथीला बसलेला माणूस कधी उठतो, ते बघून ठेवा."

त्या आठवड्यात पुण्यात सवाई, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सव, होता, मुकुंदनगरला. आम्ही दोघं मिरजेहून रेल्वेनं जायचो आणि भारतीय बैठकीत एक सतरंजी धरून बसायचो. त्या वर्षी त्याच्या मुलीनं फोन केला, "काका, एक दिवस तरी या." ती पुण्यातच नोकरीला. गेलो. मंडपात ज्याच्या त्याच्या तोंडी झाकीरभाईंचं नाव. आम्ही मागं बसलो होतो, त्यामुळं स्टेज मोठ्या पडद्यावरच बघायचं. कॅमेरा गायकाच्या चेहऱ्यावर जातो, तबलजीच्या बोटांवर जातो, मागं तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांवरही जातो. पेटीवर येतो तो क्वचित, आणि तेव्हा नेमका पेटीवाला थांबलेला असतो. मुलगी एकदम म्हणाली, "काका, बाबा असते तर म्हणाले असते, आत्ताच खरं वाजवतोय तो." तिला दरबारीचं मी काहीच सांगितलेलं नव्हतं.

सगळं संगणकावर आल्यावर फायलींना नावं द्यायचा प्रश्न आला. प्रत्येक फायलीत कलाकार म्हणून एक रकाना असतो. तिथं गायकाचं नाव टाकायचं, हा रिवाज. मी तिथं गायकाचं, तबलजीचं आणि पेटीवाल्याचं अशी तिन्ही नावं घातली, तंबोऱ्यावर कोण होतं ते कळलं तर तेही. ज्या गायकांच्या घरचा पत्ता लागला त्यांना त्यांच्या मैफली पोचवल्या. एका घरी आजीबाईंनी यजमानांचा आवाज ऐकला आणि डोळे पुसत विचारलं, "पेटीवर कोण आहे हो? किती सांभाळून घेतलंय ह्यांना." मी नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं आणि नातवाला लिहून ठेवायला सांगितलं.

मग उरले ते पुरातले डबे. मुद्दामच शेवटी ठेवले होते, तोवर हात बसलेला असावा म्हणून. तोंडाला मास्क बांधायचा, कारण बुरशी असते. खोकं उघडून फिरक्या अलगद बाहेर काढायच्या. गाळ सुकून कडेला पिठासारखा झालेला असतो. फीत ओढायची नाही, हातानं फिरवत मऊ कापडातनं न्यायची, जिथं चिकटलीय तिथं बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा बोळा लावून वाट बघायची. साफ झालेली फीत नव्या खोक्यात. काही अजिबात सुटल्या नाहीत, थर एकमेकांत भिनले आहेत. त्या मी टाकलेल्या नाहीत. माझ्यापेक्षा जाणकार कुणी भेटेलही.

ज्या सुटल्या त्यांतल्या एकीची पट्टी पाण्यानं धुऊन गेलेली होती. निळ्या शाईचा नुसता डाग. लावली तर यमन, पुरुषाचा आवाज, काळी एक, मैफलीत भर रंगात असलेला. अर्धा तास स्वच्छ आहे, नंतर खरखर. गायक कोण ते मला ओळखता येईना. मिरजेत, सांगलीत, एकदा कोल्हापूरला जाऊन जुन्या लोकांना ऐकवलं. कुणी एक नाव घेतं, दुसरा ते खोडून काढतो. किराणा घराण्याचा आहे एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. पेटीबद्दल मात्र मला विचारावं लागलं नाही. गंधार खरा उतरलेला आहे आणि तारसप्तकातल्या पंचमाला ती झणझण आहे.

फायलीच्या नावात सध्या राग यमन आणि साथीला पेटीवर म्हणून त्याचं नाव आहे. गायकाची जागा मोकळी ठेवली आहे. उरुसाला दर्ग्यात जाणार आहे तेव्हा तो अर्धा तास पेन ड्राइव्हवर बरोबर असेल. आवाज ओळखू शकेल असं कुणी असेल तर जरूर भेटावं, आणि घरात त्या सभांच्या कॅसेटी पडून असतील तर त्याही आणाव्यात. डेक चालू आहे, पट्टे नवे आहेत.